कुत्र्याचें शिक्षण : घरीं कीं वर्गांत?

लहान जातीचें पिलूं घरीं आणलें कीं, त्यास आपणच शिकवावें कीं शिक्षकाच्या वर्गास न्यावें, असा प्रश्न उभा राहतो. 'बस', 'थांब', 'ये' हे धडे घरींच उत्तम होतात. पांच मिनिटांचा पाठ दिवसांतून दोनतीन वेळां पुरे. मात्र आज्ञा पाळतांच, त्याच क्षणीं, खाऊचा तुकडा द्यावा. विलंब झाल्यास बक्षीस कशाचें, हें त्यास उमगत नाहीं.

एकत्र कुटुंबांत खरी अडचण निराळीच असते. आजोबा 'खालीं' म्हणतात, मुलें 'उतर' म्हणतात, आणि आजीबाई पानावरूनच पोळीचा तुकडा टाकतात! तेथें कुत्र्याआधीं माणसांचें एकमत व्हावयास पाहिजे.

वर्गाचा उपयोग दुसरा. परक्या माणसांची व कुत्र्यांची भीति तेथें मोडते. ही संवय लागण्याचा काळ वयाच्या सुमारें ३ ते १४ आठवड्यांचा; म्हणून पहिली लस टोंचल्यावर, पशुवैद्याच्या सल्ल्यानें, वर्ग लवकर सुरू करावा. लहान कुत्र्याचें गुरगुरणें आपण हंसण्यावारी नेतों. पण भ्यालेलें कुत्रें पुष्कळदां घरांतील मुलासच चावतें. गुरगुरल्याबद्दल मारूं नये, भीतीचें कारण दूर करावें. ज्या शिक्षकाच्या हातीं छडी दिसेल, त्याच्या वर्गाची पायरी चढूं नये.