स्कॅनर धडधाकट आहे, ड्रायव्हर द्या

मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली, यांस



दुरुस्तीच्या हक्कासाठी आपल्या विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षाअखेर पोर्टल सुरू केले आणि मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवालही आपल्या हाती आला. वस्तू किती सहज उघडता येते, सुटे भाग वेळेत मिळतात का, सॉफ्टवेअरचे अपडेट येतात का, असे निकष त्यात आहेत. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून होणार, हेही ठीक. पण माझ्या टेबलावर एक वस्तू अशी आहे, जिच्यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नाही आणि तरीही ती बंद आहे.

हा फ्लॅटबेड स्कॅनर. काच स्वच्छ, दिवा लागतो, यूएसबीची वायर नव्या संगणकातही बसते. पण त्याचा ड्रायव्हर ३२ बिट विंडोजसाठी लिहिलेला. ६४ बिट विंडोज जुने ३२ बिट प्रोग्रॅम चालवून घेते, ३२ बिट ड्रायव्हर मात्र मुळीच चालवत नाही. आणि विंडोज ११ ही ६४ बिटचीच आहे. इतके दिवस ३२ बिट विंडोज १० वर कशीबशी सोय होती. तिचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. स्कॅनर कंपनीच्या हेल्पलाइनवर उत्तर एकच: नवे मॉडेल घ्या.

फोनने फोटो काढा, असे कुणी सुचवेल. विजेच्या बिलाला ते पुरते. घट्ट शिवणीच्या जुन्या दिवाळी अंकाच्या किंवा पणजोबांच्या मोडी वहीच्या फोटोत मात्र ओळी वाकतात, पानावर हाताची सावली पडते. आणि पान ओढून घेणाऱ्या स्कॅनरच्या तोंडी जीर्ण कागद देण्याची माझी तरी छाती नाही.

जुन्या यंत्राला नव्या संगणकाशी बोलते करणे अशक्य असते, तर मी हे पत्र लिहिले नसते. अमेरिकेतल्या एड हॅमरिक यांनी १९९८ मध्ये व्ह्यूस्कॅन हा प्रोग्रॅम आणला. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले कित्येक स्कॅनर तो आजही चालवतो, अर्थात पैसे मोजून. लिनक्सवर ‘सेन’ या मुक्त प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी बऱ्याच यंत्रांचे आदेश वायरीतून काय जाते-येते ते टिपून, अंदाज बांधत शोधून काढले. कॅननचे लाइड २० आणि लाइड ३० हे स्कॅनर तिथे अजून चालतात. जी माहिती कंपनीच्या कपाटात कागदावर लिहून ठेवलेली असणार, ती हुडकण्यात या लोकांनी रात्री घालवल्या!

त्याहून विचित्र गोष्ट फर्मवेअरची. काही स्कॅनरना संगणकाला जोडल्यावर एक छोटी फाइल पाठवावी लागते. ती मिळेपर्यंत ते कामच करत नाहीत. सेनकडे बाकी सगळी तयारी असते, पण या फाइलवर कंपनीचा कॉपीराइट असल्यामुळे ती सोबत वाटता येत नाही. ज्याने त्याने आपल्या मूळ सीडीतून ती काढून घ्यायची. सीडी हरवली, की चालता स्कॅनर अडला. विकणे थांबवलेल्या मालाची फाइल अडवून कंपनी काय कमावते, ते मला कळलेले नाही.

ई-कचरा नियम, २०२२ च्या यादीत स्कॅनर आहे. म्हणजे तो भंगारात गेला की त्याचे काय करायचे, याची जबाबदारी उत्पादकावर. धडधाकट स्कॅनर ड्रायव्हरअभावी भंगारात जाऊ नये म्हणून काय करायचे, ते मात्र त्यात लिहिलेले नाही. सॉफ्टवेअर अपडेटचा आपला निकषही इथे तोकडा पडतो, कारण बदलते ते संगणकाचे सॉफ्टवेअर आणि खोळंबतो स्कॅनर.

म्हणून निर्देशांकाच्या पुढच्या टप्प्यात स्कॅनर आणि प्रिंटर घ्यावेत. ड्रायव्हर किमान कोणत्या वर्षापर्यंत मिळेल, ते खोक्यावर किमतीशेजारी छापायला लावावे. आणि ते वर्ष उलटल्यावर कंपनीने यंत्राचे आदेश जाहीर करावेत, फर्मवेअर वाटायची लेखी मुभा द्यावी. कंपनीने स्वतः नवा ड्रायव्हर लिहावा, अशी माझी मागणी नाही. लिहिणारे लोक आहेत.

कळावे,
एक स्कॅनरधारक