तुटेपर्यंत ताणू नये



रुळाखाली खडी भरताना पोटरीत चमक येते. टपालाची थैली उचलताना कंबरेत उसण भरते. डब्यातून उतरताना पाय चुकतो आणि मांडीचा स्नायू ताणला जातो. अशी दुखापत आपल्यापैकी कोणाला झाली नाही? तरीही पगार, बोनस, पेन्शन यांवर पानेच्या पाने लिहिणारे आम्ही या विषयावर आजवर गप्प राहिलो. ही आमची चूक आहे.

हाड मोडले की एक्स-रेत दिसते. स्नायूचे तंतू फाटले तर एक्स-रे स्वच्छ येतो आणि कामगार कामचुकार ठरतो. आमच्या शाखेतल्या एका ट्रॅकमन बंधूचे असेच झाले. पोटरी दुखावली, चार दिवसांनी सूज उतरली, लगेच फिट देऊन त्याला गँगवर पाठवले. तिसऱ्या दिवशी पहार मारताना तीच पोटरी पुन्हा गेली आणि या वेळी दीड महिना गेला. चार दिवसांची घाई कोणाच्या फायद्याची झाली?

अशा दुखण्यावर स्नायू ताणण्याचा व्यायाम सांगितला की आपले लोक हसतात. “ताणल्यामुळेच दुखतंय, आणि औषध म्हणून पुन्हा ताणायचं?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वेळेत आहे.

स्नायू फाटतो तेव्हा आत रक्तस्राव होतो आणि सूज येते. पुढच्या काही दिवसांत फाटलेल्या जागी नवी जोड तयार होऊ लागते, पण सुरुवातीला ती फार कच्ची असते. या काळात जोराने ताणणे, झटके देणे, तेल लावून रगडून मालिश करणे म्हणजे ओल्या प्लास्टरवर हातोडा मारणे. पहिले दोन-तीन दिवस भार कमी करावा, बर्फ कापडात गुंडाळून थोडा वेळ ठेवावा, पट्टी बांधावी, पाय उंचावर ठेवावा.

मात्र महिनाभर खाटेवर पडून राहणे हेही तितकेच चूक. न हललेला स्नायू आखडतो, बारीक होतो, आणि जोड वेडीवाकडी बसते. दुखणे ओसरू लागले की हळूहळू ताण द्यायला सुरुवात करावी. त्यामुळे नवे तंतू कामाच्या दिशेने जुळतात आणि स्नायूला पूर्वीची लांबी मिळते.

पोटरीसाठी भिंतीला हात टेकून उभे राहावे. दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला. पोटरीत ओढ जाणवेपर्यंत पुढे झुकावे आणि २०-३० सेकंद थांबावे. असे तीन-चार वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी टाच बुटक्या पायरीवर ठेवून कंबरेतून पुढे वाकावे. ओढ जाणवली पाहिजे, पण कळ येता कामा नये. कळ आली की मागे यावे. वाटाघाटीत आपण जे म्हणतो तेच इथेही खरे आहे: तुटेपर्यंत ताणू नये.

केवळ ताणून भागत नाही, ताकदही परत यावी लागते. स्वीडनमधल्या ७५ फुटबॉलपटूंवरचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या मांडीचे मागचे स्नायू दुखावले होते. पाच दिवसांनी व्यायाम सुरू झाला. स्नायू लांब होत असतानाच त्यावर भार देणारे व्यायाम ज्यांनी केले, ते सरासरी २८ दिवसांत पूर्ण सरावाला परतले. नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांना ५१ दिवस लागले. खेळाडूला मोजून चार आठवडे मिळतात. मग खडीवर उभे राहून मीटरला ६० किलो वजनाचा रूळ हलवणाऱ्याला चार दिवस का?

सगळेच दुखणे स्नायूचे नसते. दुखापतीच्या वेळी ‘टक्’ आवाज आला, पायावर भार देता येईना, किंवा जागा काळीनिळी पडली, तर आधी डॉक्टर. कंबरेची कळ पायात उतरून मुंग्या येत असतील तरीही डॉक्टरच. दोन्ही पाय लुळे वाटले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर तासाचाही उशीर न करता रुग्णालय गाठावे.

आता एक सावधगिरी. व्यायामाची बाजू आम्ही मांडली म्हणून उद्या प्रशासनाने हजेरीच्या वेळी पाच मिनिटे हातपाय ताणून घेऊन सुरक्षा झाली असे म्हणू नये. ऑस्ट्रेलियात १,५३८ सैनिक-भरतीतल्या जवानांवर झालेल्या अभ्यासात, २००० साली, असे दिसले की सरावाआधी स्नायू ताणल्याने पायाच्या दुखापती काही कमी झाल्या नाहीत. म्हणजे ताण देणे हे दुखापतीनंतरच्या उपचाराचा भाग आहे, अपुऱ्या माणसांवरचा उतारा नव्हे. सहा जणांचे काम चौघांवर टाकले तर कोणताही व्यायाम कंबर वाचवणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच एका पुरुष कामगाराने वाहण्याच्या वजनाची कमाल मर्यादा ५५ किलोवर आणण्याची शिफारस केली आहे. थैली उचलताना हा आकडा लक्षात ठेवा.

म्हणून आमचे म्हणणे असे. कामावर स्नायू दुखावला तर त्याच दिवशी नोंद व्हावी. कामगारानेही “उद्या बघू” म्हणू नये, कारण नोंद नसेल तर कामावरच्या इजेची रजा मागताना हात रिकामे राहतात. फिट देण्याआधी त्याला चालायला, वाकायला, वजन उचलायला लावून पाहावे. मधल्या काळासाठी लेखी लाइट ड्युटी मिळावी. दूरच्या स्टेशनवरच्या ट्रॅकमनला आणि खेड्यातल्या डाक सेवकाला रोज रुग्णालय गाठणे शक्य नाही. त्यांना व्यायामाचा कागद त्यांच्या भाषेत, चित्रांसह मिळावा.

पुढच्या शाखा सभेत हा विषय घ्या. आपल्याकडे दुसरे भांडवल नाही. हे शरीर आहे, ते जपण्याचा हक्क मागायला लाजू नका.