माल्टच्या पाण्याचा हिशेब आणि चोथ्याचा भाव

बिअरच्या कारखान्यांतून निघणारा ओला चोथा दुभत्या जनावरांस मानवतो, हे गोठेवाल्यांस ठाऊक आहेच. तळोजे येथील औद्योगिक वसाहतीत असा कारखाना असल्याने नवी मुंबई व पनवेलकडील शेतकऱ्यांस हा विषय परका नाही. मात्र हा माल वजनावर घेताना आपण धान्य किती घेतो व पाणी किती, हे फारच थोडे लोक मांडून पाहतात.

इंग्लंडात 1963 पासून घरी बिअर करण्यास परवाना लागत नाही; अमेरिकेत तशी मोकळीक देणारा कायदा 1978 साली झाला. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून ती करणे गुन्हा आहे, आणि कोणी तसे करावे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. परंतु त्या हौशी मंडळींचा पाण्याचा जमाखर्च आमच्या कारकुनी नजरेस फार नेटका वाटला.

त्यांची एक रीत अशी की, काही भाग दळलेले जवाचे माल्ट व काही भाग माल्टचा तयार पाक घ्यावयाचा. 20 लिटरांचा घाणा धरू. माल्ट 2 किलो, त्यास किलोमागे 3 लिटर याप्रमाणे 6 लिटर गरम पाणी. त्यापैकी किलोमागे सुमारे 1 लिटर धान्य पिऊन टाकते. खाली उतरतात 4. चोथा आणखी 4 लिटरांनी धुतला की ते सगळे निथळतात, कारण धान्य एकदाच पाणी पिते; दुसऱ्यांदा वजावट धरू नये. झाले 8. उकळताना 3 गेले असे समजू (भांड्याच्या तोंडाप्रमाणे हे कमीअधिक होते), राहिले 5. दीड किलो पाक विरघळून सुमारे 1 लिटर वाढवितो. तो पाणी पीत नाही, म्हणून त्यावर वजावट नाही. 6 झाले, वरून घालावयाचे 14.

आता शेतकऱ्याच्या कामाचा आकडा तो वजावटीचा. किलोभर माल्टचे सत्त्व उतरल्यावर कोरडा भाग जेमतेम पाव किलो उरतो व त्यात 1 लिटर पाणी. म्हणजे सव्वा किलो चोथ्यात चार हिस्से पाणी, एक हिस्सा खाद्य! कारखान्यात चोथा अधिक निथळला, तरी तीनचतुर्थांश पाणी धरावेच. समजा भाव किलोस 6 रुपये. तर कोरड्या खाद्याचा खरा भाव 24 ते 30 रुपये पडला. सरकी पेंडीशी तुलना करावयाची ती या आकड्याची, 6 रुपयांची नव्हे. वाहतूकही पाण्याचीच भरावी लागते, ती वेगळी.

सबब सहकारी संस्थांनी हा माल कोरड्या वजनाच्या हिशेबाने घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. परीक्षा सोपी आहे. प्रत्येक गाडीतून 1 किलो चोथा काढून तव्यावर मंद आचेने, करपू न देता, वजन उतरण्याचे थांबेपर्यंत सुकवावा आणि उरलेले वजन गाडीच्या पावतीवरच लिहावे. कोकणच्या दमट हवेत ओला चोथा दोनतीन दिवसांत आंबतो व बुरशी धरतो. तेव्हा गोठ्यास दोन दिवस पुरेल त्याहून अधिक माल उतरवून घेऊ नये.