समभुज त्रिकोणाची सक्ती

स्पीकर घेतले म्हटलं की ऑफिसातले जाणकार लगेच भूमिती काढतात. दोन स्पीकर, एक डोकं, समभुज त्रिकोण, ६० अंशांचा कोन. बाकी सगळा अडाणीपणा!

अहो, पण हा त्रिकोण एकाच माणसासाठी आहे. स्टुडिओत मिक्सिंग करणाऱ्याला तो हवाच, वाद नाही. माझ्या घरात ऐकणारे चौघं. आई ओट्यापाशी, बाबा दिवाणावर. त्यांनी काय त्या एका खुर्चीसाठी रांग लावायची?

म्हणून गेल्या शनिवारी सगळं उलटंपालटं केलं. आधी स्पीकरची तोंडं भिंतीकडे फिरवली. आवाज खोलीभर पसरला, पण तबल्याची धार गेली. मग दोन्ही कोपऱ्यांत कोंबले. डग्गा असा घुमायला लागला की खालचे काका वर आले! (समोरासमोरच्या भिंतींत १० फूट अंतर असलं की साधारण ५६ हर्ट्झला आवाज घुमतोच, कोपरा त्याला आणखी फूस लावतो.) शेवटी एक कपाटावर, दुसरा समोरच्या भिंतीवरच्या फळीवर, तोंडं जरा खाली झुकवून. गायक नेमका कुठे बसलाय ते आता कळत नाही, मान्य. पण ओट्यापाशीसुद्धा शब्द न् शब्द ऐकू येतो.

जाणकार म्हणाले, 'हे स्टीरिओच नव्हे.' मग १९६८ च्या बोस ९०१ मधल्या ९ पैकी ८ ड्रायव्हरांची तोंडं मागच्या भिंतीकडे होती, ते काय होतं? पॉल क्लिप्शने तर १९४० च्या दशकात मुद्दाम कोपऱ्यासाठीच स्पीकर बनवला.

असो. बाबांनी दिवाणावरून फर्मान सोडलंय, आता काही हलवायचं नाही.