गुरुजी शिकतात, मग हसायचे कशाला?

बालमित्रांनो आणि शाळा पाहायला आलेल्या पालकांनो, आज मी माझे एक मत लिहिते. पटले नाही तर मला जरूर सांगा.

मागच्या महिन्यात आमच्या वर्गात अपूर्णांकांची बेरीज चालू होती. १/२ + १/३ चे उत्तर मी २/५ काढले. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. निम्म्या वर्गाचे तेच उत्तर. गुरुजींनी दोनदा समजावले, तरी डोक्यात शिरेना.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या बाई आमच्या वर्गात मागे येऊन बसल्या. चौथीचा वर्ग तेवढा वेळ मोठ्या गुरुजींनी सांभाळला. बाई काही बोलल्या नाहीत. आमच्या वह्या बघून टिपून घेत होत्या. शाळा सुटल्यावर बाई आणि गुरुजी व्हरांड्यात बराच वेळ बोलत बसले.

मी घरी जाऊन हसत सांगितले, "गुरुजींना गणित येत नाही वाटतं, बाई शिकवतात त्यांना!" आजोबांनी ते पारावर सांगितले. झाले, गावभर बोभाटा! एक काका तर शाळेत येऊन गुरुजींना विचारून गेले. गुरुजी मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

पण त्या बोलण्यातून काय निघाले ते ऐका. गुरुजींनी कागदाच्या सारख्या पट्ट्या आणल्या. प्रत्येकीचे सहा सारखे भाग करायला लावले. अर्धी पट्टी म्हणजे ३ भाग, तिसरा हिस्सा म्हणजे २ भाग. मिळून ५ भाग, म्हणून उत्तर ५/६. मग म्हणाले, "अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला तर ती अर्धीहून कमी होईल का रे?" खरंच की! २/५ तर अर्ध्याहून कमी! आता वर्गात कुणी चुकत नाही.

तालुक्याला प्रशिक्षण असते, केंद्रात शिक्षण परिषद भरते. ती हवीच. पण तिथे आमच्या वह्या नसतात. आमची चूक आमच्याच वर्गात दिसते. मोठे गुरुजी सांगतात, जपानात शिक्षक मिळून पाठ तयार करतात. एकजण शिकवतो, बाकीचे मुलांकडे लक्ष देतात, नंतर चर्चा करतात. ही रीत तिथे शंभराहून अधिक वर्षे आहे. आपल्या देशाच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही म्हटले आहे, की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या शिकण्यासाठी द्यावेत. त्यातले काही तास आपल्याच शाळेत व्हावेत, असे माझे मत आहे.

कुणी म्हणेल, तेवढ्यात दुसऱ्या वर्गाचे नुकसान होते. बरोबर आहे. मोठे गुरुजी रोज मोकळे नसतात. म्हणून पालकांनो, महिन्यातून एक तास तुम्ही या. गोष्ट सांगा, बियाणे ओळखायला शिकवा. म्हणजे बाई आणि गुरुजी एकमेकांचा तास पाहतील.

मी गुरुजींची माफी मागितली आहे. आजोबांनाही सगळे समजावून सांगितले. येत्या शनिवारी चौथीच्या वर्गावर तेच येणार आहेत.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता पाचवी