मायेचं विष

आमच्या मनीला ताप आला, तेव्हा आईने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात कालवून पाजली. लहानपणी मला द्यायची तशीच, मायेने. संध्याकाळी मनीच्या हिरड्या तपकिरी पडल्या, तोंड सुजलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. हे औषध निकामी करायची मांजराच्या यकृताची ताकद फार तोकडी. रक्तातलं हिमोग्लोबिन बदलतं, मग प्राणवायू वाहून नेणार कोण? यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. उंदराचं औषध आपण उंच फळीवर ठेवतो, कारण त्याला आपण विष म्हणतो. जे आपणच रोज खातो, त्याची शंकाही येत नाही. शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. कांद्याने त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. चॉकलेटही नकोच.

"एवढ्याशाने काय होतंय?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. विचारल्याशिवाय गोळी नाही, पानातला घास नाही. चुकून काही खाल्लंच, तर लक्षणांची वाट न बघता वेष्टनासकट डॉक्टर गाठा. उंदराच्या औषधाचा परिणाम तर बऱ्याचदा दोन-चार दिवसांनी दिसतो.

आईला हे सांगावं का, बरेच दिवस ठरेना. शेवटी सांगितलं. ती गप्प बसली, मग म्हणाली, "बाकीच्यांनाही सांग."

म्हणून हे लिहिलं.