आडनावाच्या काना-मात्रेत अडकलेली पिढी

बोरगाव मेघेतल्या आमच्या वस्तीत बारावीचा निकाल लागला की पोरं फायली घेऊन आमच्याकडे येतात. यंदा एक मुलगी आली. पणजोबांच्या जन्मनोंदीत 'मेसराम', आजोबांच्या दाखल-खारीज उताऱ्यात 'मेशराम', वडिलांच्या टीसीवर 'मेश्राम'. "ही तिघं एकाच घरातली कशावरून?" म्हणून तिच्या अर्जात त्रुटी काढली. प्रवेशाची मुदत काही तिच्यासाठी थांबणार नव्हती.

आम्ही विचारतो, ही चूक कुणाची? पणजोबांना अक्षर येत नव्हतं, कारण त्यांना शाळेत बसू दिलं नाही. जन्म-मृत्यूची खबर देणारा कोटवार अनेक गावांत आपल्याच समाजाचा होता, पण लेखणी दुसऱ्याच्या हातात होती. त्यानं ऐकू आलं तसं लिहिलं. कित्येक नोंदींत तर आडनावच नाही. 'अमक्या वल्द तमक्या, महार' एवढंच. ज्या व्यवस्थेनं आपलं नाव कधी धड लिहिलं नाही, तीच आज नातवंडांकडून अचूक स्पेलिंग मागते!

बाबासाहेबांचंच बघा. वडील रामजी मालोजी सकपाळ, मूळ गाव आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नोंद झाली 'भिवा रामजी आंबेडकर'. आजच्या कारकुनी कसोटीवर हे बाप-लेकसुद्धा परके ठरले असते.

पडताळणी नको, असं आम्ही म्हणत नाही. बोगस प्रमाणपत्रवाले आपल्याच जागा खातात. पण आडनावावरून जात ठरत नाही. मेश्राम जसे आपल्यात आहेत तसे गोंडांतही आहेत. तपासायचं ते नातं, गाव आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीची जातीची नोंद. २००१ पासून लागू असलेल्या कायद्यानं पुराव्याचं ओझं अर्जदारावरच टाकलंय. म्हणून आमची मागणी साधी आहे : नुसत्या काना-मात्रेच्या फरकावर अर्ज अडवू नका, गावात येऊन चौकशी करा.

आणि मित्रांनो, थोडं काम आपलंही आहे. आजी-आजोबा आहेत तोवर वंशावळ लिहून घ्या. आडनाव जिथं जसं लिहिलंय तसंच, वर्षासह नोंदवा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या नोंदींच्या प्रमाणित नकला आत्ताच काढा, मुलगी बारावीला जाईपर्यंत थांबू नका. आपला इतिहास दुसऱ्यानं लिहिला, म्हणून तो चुकला. आता लेखणी आपल्या हातात आहे.

जय भीम!